जबल जैसची सहल आणि एका वाक्याची मालकी

रास अल खैमातल्या जबल जैस डोंगरावर जायचं माझं ठरलेलंच होतं. सुलभाला बरोबर घ्यायचं हे मात्र माझ्या नवऱ्याने परस्पर ठरवलं, तेही आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये, चौथा मजला ते पार्किंग एवढ्या वेळात.

सुलभा कोण ते आधी सांगते. शारजात आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, ती चौथ्या मजल्यावर, मी सातव्या. दोघीही मराठीत ब्लॉग लिहितो. इथल्या ब्लॉगवाल्या मराठी बायका म्हणजे एक स्वतंत्र जमात आहे. आमच्यात आधी फोटो आणि मग जेवण, त्यामुळे आमच्या नवऱ्यांना गार डोसा खायची सवय झालेली असते. पर्समध्ये ब्लॉगचं व्हिजिटिंग कार्ड असतं. दुसरीने काय लिहिलं ते, "मला कुठे वेळ असतो गं वाचायला," असं म्हणत दोनदा वाचलेलं असतं. दुबईच्या करामातली मिसळ पहिल्यांदा कोणी 'शोधली' यावरून आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचे दोन ग्रुप झाले, आणि ज्याची मिसळ आहे तो बिचारा दोन्ही ग्रुपमध्ये नाही.

या सगळ्यात सुलभा माझी नऊ वर्षांची मैत्रीण. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पण पहिल्या दिवसापासून अगं-तूगं. काही काम नसताना फोन करावा असं शारजात माझं एकच माणूस होतं, आणि गेल्या हिवाळ्यापासून आम्ही बोलत नव्हतो.

कारण ऐकून हसाल. अजमानच्या मासळी बाजारात आम्ही दोघी गेलो होतो. परत आल्यावर मी त्याच संध्याकाळी पोस्ट टाकली. त्यात एक वाक्य होतं: "बर्फावरच्या सुरमईने माझ्याकडे इमिग्रेशनच्या खिडकीतल्या माणसासारखं पाहिलं." वाचकांना ते भयंकर आवडलं. गणपतीत लोक मला थांबवून ते वाक्य म्हणून दाखवत होते. सुलभाचं म्हणणं, ते वाक्य बाजारात उभं राहून ती बोलली होती. मी म्हटलं, मीच बोलले होते. त्यावर ती म्हणाली, "ठीक आहे. तुमचं वाक्य तुम्हाला लखलाभ."

'तुम्ही'. नऊ वर्षांनंतर. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

तर प्रदीप लिफ्टमधून गाडीत येऊन बसला आणि म्हणाला, "सुलभा महिनाअखेरीस अल ऐनला शिफ्ट होतायत. त्यांचे अरुणराव तिकडे जॉइनसुद्धा झाले. मी म्हटलं, शनिवारी आमच्याबरोबर जबल जैसला चला."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

खरं होतं ते. अल ऐन काही चंद्रावर नाही, दीड तासाचा रस्ता आहे. पण भांडलेल्या माणसाकडे दीड तास गाडी चालवत कोण जातं? ती अशीच तोंड फिरवून गेली तर कायमची गेली, हे मला त्या पार्किंगमध्ये स्पष्ट दिसलं. प्रदीपला मात्र मी एवढंच म्हटलं की मागे बसव तिला.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. तुम्हालाही माझा सल्ला हाच की सहा म्हणजे सहा. शारजाचा ट्रॅफिक सुट्टीच्या दिवशीही नऊनंतर जागा होतो आणि मग तुम्ही आहात आणि पुढच्या गाडीचा नंबर आहे. एमिरेट्स रोड धरा, सरळ उत्तरेला. कॅमेरे भरपूर आहेत, त्यामुळे शूरपणा करू नका. जानेवारीत धुकं असतं. वर स्वेटर लागतो म्हणजे लागतो, खाली कितीही ऊन असो.

सुलभा स्टीलचा मोठा डबा घेऊन खाली आली. "नमस्कार. तुम्हाला उगीच त्रास," असं माझ्याकडे न बघता म्हणाली आणि मागे आमच्या इराशेजारी बसली. इरा तेरा वर्षांची, इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं.

"मावशी, आर यू अँड आई स्टिल फायटिंग?" तिने सीटबेल्ट लावता लावता विचारलं.

"नाही गं राणी," सुलभा म्हणाली. "आम्ही फक्त बोलत नाही."

उम्म अल क्वैनच्या पुढे पेट्रोल पंपावर करक चहा घेतला. दोन दिरहमला एक. "म्हणजे पन्नास रुपये झाले की," प्रदीप म्हणाला. चौदा वर्षं झाली इथे, पगार दिरहममध्ये घेतो, चहा मात्र रुपयांत पितो. बरोबर पराठ्यात गुंडाळलेलं अंडं, चीज आणि चिप्सचा चुरा. वाचायला विचित्र वाटतं, पण खाऊन बघा. मी फोटो काढला. शेजारी सुलभाने त्याच पराठ्याचा दुसऱ्या बाजूने काढला. प्रदीपने पराठा हातात धरून दोन्ही बाजू होऊ दिल्या आणि मग गार पराठा निमूटपणे खाल्ला.

रास अल खैमात शिरलं की आधी सिमेंट आणि टाइल्सचे ट्रक भेटतात. आपल्या बाथरूमच्या फरशा जिथून येतात तो हा प्रदेश. नंतर ट्रक कमी होतात आणि समोर डोंगर उभे राहतात, करडे, उघडे, एक झाड नसलेले. सह्याद्री बघत वाढलेल्या माणसाला पहिल्यांदा वाटतं, यांचं कोणी सगळं काढून नेलंय की काय. पाच मिनिटांनी ते आवडायला लागतात, का ते मला अजून सांगता येत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एका शेताच्या फाटकाबाहेर टेबल मांडलेलं दिसलं, त्यावर मधाच्या बाटल्या. मी गाडी थांबवायला लावली, कारण फोटो चांगला होता. टेबलामागे पायघोळ पांढऱ्या कंदुऱ्यातले, सत्तरीचे एक इमाराती आजोबा बसले होते. नाव बू खलफान, म्हणजे खलफानचे वडील. इथल्या जुन्या लोकांना येते तशी त्यांना आपली हिंदी येत होती, मुंबईच्या व्यापाऱ्यांबरोबर काम करून शिकलेली. बोरीच्या जातीचं सिदर नावाचं झाड असतं, त्याच्या फुलांचा मध. अर्धा किलो दीडशे दिरहम. प्रदीपचे ओठ हलायला लागले, तेवढ्यात मी बाटली उचलली.

त्यांनी आत बोलावलं, खजूर पुढे केले, कावा म्हणजे अरबी कॉफी पाजली. मी त्यांना ब्लॉगचं कार्ड दिलं. त्यांनी ते उलटसुलट बघून खिशात ठेवलं. निघताना मी हात जोडून म्हटलं, "अच्छा चाचा, हम आते हैं."

आता यात चूक काय ते तुम्हाला दिसणार नाही, कारण तुम्ही मराठी आहात. आपण निघताना कधी 'जातो' म्हणतो का? येतोच म्हणतो. माझ्या हिंदीलाही तीच सवय आहे.

बू खलफान म्हणाले, "कब?"

मला वाटलं, बोलण्याच्या ओघात विचारतायत. मी म्हटलं, "दोपहर में, इन्शाल्ला."

ही दुसरी चूक. आमच्या ऑफिसात इन्शाल्ला म्हटलं की समजायचं, फाइल गेली. मी स्वतः चौदा वर्षं लोकांना टाळण्यासाठी हाच शब्द वापरत आलेय. बू खलफान मात्र मान डोलावून म्हणाले, "इन्शाल्ला. चार आदमी." मी गोड हसले आणि गाडीत बसले.

घाटाचा रस्ता अप्रतिम आहे, त्याबद्दल दुमत नाही. तीसेक किलोमीटर नुसती वळणं, लोण्यासारखा डांबरी, रस्त्याला पैसे पडत नाहीत. दहाच्या आत वर पोचा, नाहीतर पार्किंगसाठी तुमचं निम्मं आयुष्य जाईल. वाटेत जागोजागी लोक चटया टाकून, शेगड्या पेटवून बसलेले असतात. वळणावर बकऱ्या आडव्या येतात आणि हॉर्नला भीक घालत नाहीत. एका कड्यावर एक बकरी अशी काही उभी होती की मी धावत गेले. दगडामागे सुलभा आधीच गुडघ्यावर बसलेली.

"यू बोथ आर टेकिंग द सेम गोट," इरा गाडीतून म्हणाली.

"तुम्ही घ्या आधी," सुलभा उठत म्हणाली.

"नाही नाही, तुम्ही घ्या." आता मीही 'तुम्ही'. एवढ्या आदरात बकरी निघून गेली.

वर वारा असा की बोलायचं नसलं तर उत्तम सोय. आम्ही दोघी रेलिंगला दोन टोकांना उभ्या राहिलो. प्रदीप मधे उभा राहून कधी मला, कधी तिला, "काय व्ह्यू आहे ना," म्हणत होता. शेवटी त्याने सुलभाचा डबा उघडायला लावला. त्यात बटाटेवडे होते, लसणीच्या चटणीचे, मला आवडतात तसे. ती चटणी ती स्वतः खात नाही, अरुणरावही खात नाहीत. मी एकदम तीन वडे खाल्ले आणि "छान झालेत" एवढंसुद्धा माझ्या तोंडातून निघालं नाही. इतकी मी हट्टी आहे. बाजारात सुरमईसमोर कोण काय बोललं हे मला पक्कं आठवत होतं. ती बोलली होती. मी फक्त घरी येऊन लिहिलं होतं. वर्षभर मी स्वतःलासुद्धा सांगत होते की दोघींनी मिळून म्हटलं असेल.

सव्वा वाजता माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"सिस्टर, किधर है? खाना रेडी."

मी म्हटलं, राँग नंबर. "नो राँग नंबर," पलीकडून आवाज. "मैं बू खलफान. तुम बोला दोपहर में आएगा. चार आदमी."

माझा चेहरा बघून प्रदीपने फोन स्पीकरवर टाकला. बू खलफान सांगत होते की बायकोने मासा केलाय, भात केलाय, आरामात या, घाटात गाडी हळू चालवा.

"सांग की उशीर झाला," प्रदीप म्हणाला. "चारनंतर ट्रॅफिक लागेल. आणि आपण वडे खाल्लेत."

"तेच सांगते," मी म्हटलं. "इन्शाल्ला म्हटलं होतं, नक्की थोडंच म्हटलं होतं."

डब्याचं झाकण लावत सुलभा म्हणाली, "त्या माणसाने चार माणसांचा भात शिजवलाय. तुम्हाला जायचं नसेल तर मला फाटकाशी सोडा. मी चौघांचं खाते."

मग काय, निघालो खाली. प्रदीप वळणं घेत होता आणि मी मागे न बघता म्हटलं, "माझ्या तोंडून ते 'आते हैं' असंच गेलं हो." मागून इराच म्हणाली, "आई, सो व्हेन यू से येते, यू आर लाइंग?" चौदा वर्षांत मला कोणी इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता.

बू खलफान फाटकापाशी उभेच होते. आत बैठकीत गालिच्यावर मोठं थोरलं ताट मांडलेलं. मसाल्याचा पिवळा भात, त्याला मचबूस म्हणतात, वर तळलेला कांदा आणि मनुका. आणि मधोमध सुरमई, डोक्यासकट. डोळा बरोबर माझ्याकडे.

मी प्रदीपकडे पाहिलं, प्रदीपने छताकडे.

बू खलफान बसले आणि हसून म्हणाले, "मेरा बीवी बोलता, हिंदी लोग ऐसे ही बोलता है, आएगा नहीं. मैं बोला, नहीं, वो सिस्टर बोला है."

मला मान वर करवेना. कबूल करावं तर यजमानाचा अपमान, न करावं तर खोटेपणा. तेवढ्यात शेजारून सुलभा अगदी सहज म्हणाली, "हाँ चाचा, हमने बोला था. बोला था, इसलिए आए."

हमने. मी बोलले होते, ती बाजूला मुकाट उभी होती. एका शब्दात तिला माझी जिरवता आली असती, प्रसंगही चालून आला होता. तिने माझं वाक्य उचललं आणि निम्मं आपल्या अंगावर घेतलं.

इराने माशाकडे वाकून बघितलं आणि खुशीत म्हणाली, "आई, इमिग्रेशन फिश. इट्स युवर फेमस लाइन."

"माझी नाही," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. "ती लाइन सुलभा मावशीची आहे. बाजारात ती बोलली आणि मी चोरली. आणि वर्षभर खोटं बोलले."

प्रदीपचा घास हातातच राहिला. बू खलफानना मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी मोठं झालंय हे कळलं असावं, कारण त्यांनी सगळ्यांच्या पुढ्यात आणखी भात ढकलला.

सुलभाने माशाच्या गालाकडचा मऊ तुकडा काढला. तो मला आवडतो. तो माझ्यासमोर ठेवत म्हणाली, "मला माहीत होतं गं. तू कधी म्हणतेस तेवढंच बघत होते. खा आता, काटा बघून खा."

'तू'. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बू खलफान काळजीने म्हणाले, "मिरची ज्यादा?" मी मान हलवली, की हो, मिरची.

त्यानंतर आम्ही दोघी ज्या बोलत सुटलो त्याला सुमार नाही. वर्षभराचं तुंबलेलं. बू खलफानच्या पत्नी आतून आल्या, त्यांना अरबीच येतं, आम्हाला येत नाही, तरी तिघी अर्धा तास बोललो. आणि त्यात मला एक गोष्ट लागली. दोघी मिळून या देशाबद्दल शेकड्यांनी पोस्ट लिहिल्या असतील आम्ही, पण कुठल्याही इमाराती घरात बसून जेवायची ही दोघींचीही पहिलीच वेळ होती. प्रदीपचीही. कॉफीचा रिकामा कप किंचित हलवून परत दिला की 'पुरे', ही इथली खूण त्याला माहीत नव्हती. तो बिचारा कप नुसता पुढे करत राहिला आणि यजमान भरत राहिले. नऊ कप. रात्रभर घुबडासारखा जागा होता.

मग त्यांनी उदाचा धूर फिरवला. धूर आला की पाहुण्यांनी उठायचं, हे आम्ही दोघींनी निदान लिहिलं तरी होतं. दारात मी पुन्हा हात जोडले आणि अडकले. 'आते हैं' म्हणावं तर हे रात्रीचा भात टाकतील. 'जाते हैं' म्हणायला जीभ वळेना. सुलभाने मागून कोपर मारलं, "शुक्रन म्हण आणि चल." मी शुक्रन म्हटलं. वड्यांचा डबा आम्ही तिथेच ठेवून आलो, उरलेल्या वड्यांसकट.

परतीला ट्रॅफिक लागलाच, शारजाच्या तोंडाशी तासभर. पेट्रोल धरून सगळी सहल अडीचशे दिरहमच्या आत झाली, मधासकट. प्रदीपने रुपये सांगितले, ते मी ऐकले नाहीत. मी सुलभाशेजारी मागे बसले होते. इरा पुढे बसून तक्रार करत होती की आता या दोघी थांबतच नाहीत.

ही सहल तीन आठवड्यांपूर्वीची. एवढी उशिरा पोस्ट मी आयुष्यात टाकलेली नाही, पण या वेळी आधी सुलभाची येऊ दे असं ठरवलं होतं. तिची आली, फार सुरेख आहे, आधी ती वाचा. अजमानच्या जुन्या पोस्टमध्ये मी त्या वाक्याखाली तिचं नाव घातलंय. एका वाचकाने लिहिलं, "वाटलंच होतं." त्याला मी उत्तर दिलेलं नाही.

ही पोस्टही आधी तिला पाठवली. तिने दोन काने सुधारले, आणि "'लोण्यासारखा डांबरी' हे मी घाटात म्हटलं होतं, पण असू दे, तुला दिलं," असं लिहून पाठवलं.

ट्रक आला, सोफा लिफ्टमध्ये मावला नाही म्हणून जिन्याने उतरवला, आणि मंगळवारी ती अल ऐनला गेली. त्या रात्री नऊला फोन केला, परवाही केला, काल तिचा आला. येत्या शनिवारी आम्ही तिकडे जातोय. लोक विचारतील की या सहलीतून मिळालं काय, तर हेच: दीड तासाचा रस्ता आता मला दीड तासाचाच वाटतो. पण संध्याकाळी चहाला खाली तिच्याकडे जायची, त्या सहलीनंतर पुन्हा लागलेली सवय गेलेली नाही. काल चपला घातल्या आणि मग आठवलं. सुलभा, तुझ्यावाचून करमत नाही गं. आणि हे वाक्य माझं आहे, कोणाचं ऐकून लिहिलेलं नाही.